स्टायलची पाण्यावरची सूतगिरणी: आधी बंधारा बघा, मग चाक, मग साचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उन्हाळ्यात दिरांकडे मँचेस्टरला जाणार आहात. बरोबर सासरे आहेत, ज्यांची उमेदीची वर्षं लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर गेली, आणि अकरा वर्षांचा मुलगा आहे. शहराजवळ स्टायल गावी क्वारी बँक नावाची पाण्याच्या शक्तीवर चालणारी जुनी कापड गिरणी संग्रहालय म्हणून जपली आहे. तिथं जाण्यात अर्थ आहे का, आणि गेल्यावर बघायचं काय?

ताई, जरूर जा आणि पूर्ण दिवस काढून जा. मी कापड तंत्रज्ञानाचं शिक्षण घेऊन नोकरीची सगळी वर्षं सूतकताईत घालवली, आधी मुंबईत आणि नंतर इचलकरंजीकडे. अशी संग्रहालयं मी बरीच पाहिली आहेत. क्वारी बँकइतकी पूर्ण जागा दुसरी माझ्या पाहण्यात नाही. नदी, बंधारा, चाक, यंत्रं, मालकाचं घर, कामगारांचं गाव आणि कामाला आणलेल्या पोरांचं वसतिगृह, सगळं एकाच दरीत चालत फिरता येईल इतक्या अंतरावर उभं आहे. बहुतेक ठिकाणी यातला एखाददुसरा तुकडा उरलेला असतो आणि बाकीचं फलकांवर वाचावं लागतं.

माझा आग्रह एकच आहे, तो म्हणजे क्रमाचा. बहुतेक लोक तिकीट काढून थेट गिरणीत शिरतात, चरख्यापासून सुरुवात करतात, यंत्रांचा आवाज ऐकून खूश होतात आणि शेवटी दमल्यावर खाली जाऊन चाक बघतात. तोवर मुलांना भूक लागलेली असते. तुम्ही उलटं करा. गिरणीत शिरण्याआधी नदीच्या काठानं वर बंधाऱ्यापर्यंत चालत जा. ही गिरणी इथं का आहे, याचं उत्तर तिथं आहे.

नदीचं नाव बॉलिन. आपल्या कृष्णा-पंचगंगेच्या माणसाला ती ओढ्याएवढी वाटेल. सॅम्युअल ग्रेग या व्यापाऱ्यानं 1784 मध्ये इथं गिरणी काढली ती या छोट्या नदीच्या भरवशावर. गिरणीला पाण्याकडून दोनच गोष्टी लागतात: दर सेकंदाला किती पाणी येतं आणि ते किती उंचीवरून पडतं. एक घनमीटर पाणी दर सेकंदाला एक मीटर खाली पडलं तर साधारण 13 अश्वशक्ती मिळते, तीही काही वाया न जाता. नदी लहान असेल तर पाण्याचं माप वाढवता येत नाही, म्हणून ग्रेग आणि त्याच्या इंजिनिअरांनी उंचीवर भर दिला. बंधारा घालून पाणी वर अडवलं आणि चाक जमिनीत खोल खड्डा खणून बसवलं. चाकावरून उतरलेलं पाणी तिथं लगेच नदीला सोडता येईना, कारण चाकाचा तळ नदीच्या पात्राहून खाली गेला होता. म्हणून जमिनीखालून बोगदा काढून ते पाणी बरंच पुढे, नदी आपणहून खाली उतरलेली असते तिथं सोडलं. नदीची पुढची उतरण त्यांनी गिरणीच्या पायाशी ओढून आणली, असं म्हटलं तरी चालेल. मला हा बोगदा चाकाइतकाच मोठा पराक्रम वाटतो, पण तो दिसत नाही म्हणून त्याच्याविषयी कोणी बोलत नाही.

आता चाक. 1818 च्या सुमारास मँचेस्टरच्या टॉमस ह्यूज या यंत्रकारानं इथं लोखंडी चाक बसवलं. त्याचा व्यास 32 फूट, रुंदी 21 फूट आणि ताकद सुमारे 100 अश्वशक्ती. मुलाला हिशेब करायला सांगा. 32 फूट म्हणजे पावणेदहा मीटर. चाकानं पाण्याच्या शक्तीचा दोन तृतीयांश भाग पकडला असं धरलं, तर 100 अश्वशक्तीसाठी सेकंदाला सव्वा घनमीटरच्या आसपास पाणी लागतं. मग पुन्हा बंधाऱ्यावर जाऊन नदीकडे बघा म्हणावं. एवढ्याशा प्रवाहावर हजारो चात्या, म्हणजे सुताला पीळ देणाऱ्या टकळ्या, फिरत होत्या हे आकड्यांतून एकदा पटलं की मुलं सहसा ते विसरत नाहीत.

ह्यूजचं ते चाक आता नाही. 1904 मध्ये त्याच्या जागी टर्बाइनं आली आणि चाक गेलं. आज जे फिरताना दिसतं ते यॉर्कशरमधल्या पेटली ब्रिजजवळच्या ग्लासहाउसेस गिरणीतून आणलेलं आहे. ते विल्यम फेअरबर्नच्या रचनेचं आहे, आणि फेअरबर्ननं तरुणपणी याच ह्यूजकडे काम केलं होतं. म्हणजे चाक बाहेरचं असलं तरी घराणं तेच. चाकापाशी उभे राहाल तेव्हा सगळे त्याच्या आकाराकडे बघत असतील. तुम्ही त्याच्या कडेकडे बघा. जुन्या लाकडी चाकांत शक्ती मधल्या आसातून काढून घेत. त्यामुळे आस अगडबंब लागायचा, आरे जाड लागायचे, आणि चाक स्वतःच्याच वजनानं बोजड व्हायचं. ह्यूज-फेअरबर्नच्या पद्धतीत चाकाच्या घेरावर दाते असतात आणि एक छोटं दातेरी चाक त्या घेरावरूनच शक्ती उचलून घेतं. आरे मग फक्त ताणात राहतात, सायकलच्या तारांसारखे, आणि बारीक लोखंडी सळ्यांचे करता येतात. शिवाय मोठ्या घेराची कड वेगानं फिरते, त्यामुळे गिरणीला लागणारा वेग गाठायला मधे दातेरी चाकांची लांबलचक साखळी लागत नाही. मुलाला ते दाते शोधायला लावा.

चाकाच्या खड्ड्यात गारवा असतो आणि ओल असते. सासऱ्यांना पायऱ्यांवर धरा.

तिथून शक्तीचा माग काढत वर जा. उभा शाफ्ट मजल्यामजल्यातून वर जायचा, प्रत्येक मजल्यावर छताला आडवे शाफ्ट, त्यांच्यावर पुल्या आणि पुल्यांवरून खाली यंत्रांवर उतरलेले पट्टे. सासऱ्यांनी पट्ट्यावर चालणारं खातं तरुणपणी पाहिलं असेल तर त्यांना काही सांगावं लागणार नाही. पट्टा चालता असताना नुसत्या फिरणाऱ्या मोकळ्या पुलीवरून यंत्र चालवणाऱ्या घट्ट पुलीवर कसा सरकवत, आणि त्यात बाही किंवा धोतराचा सोगा अडकला तर काय होई, हे त्यांनाच सांगू द्या. संग्रहालयात आज ज्या यंत्राजवळ उभे आहात त्याचा पट्टा कुठून येतोय, वरचा शाफ्ट चाकावर फिरतोय की विजेच्या मोटरवर, हे तिथल्या प्रात्यक्षिक देणाऱ्यांना विचारा. जुन्या गिरणीतली माणसं हा प्रश्न विचारणाऱ्याशी मन लावून बोलतात, असा माझा सगळीकडचा अनुभव आहे.

पाण्याचा एक दोष मात्र कुठल्याही चाकानं सुटत नाही. उन्हाळ्यात नदी आटते, थंडीत गोठते आणि महापूर आला की खालचं पाणी वर चढून चाक अडखळतं. म्हणून 1810 मध्येच ग्रेगचा भागीदार पीटर एवर्ट यानं 10 अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन आणलं, पाणी कमी पडेल तेव्हा हात द्यायला. पुढे वाफेचा वाटा वाढत गेला, तरी इथं पाणी सोडलं नाही. आधी चाक आणि मग टर्बाइन असं करत 1959 मध्ये उत्पादन थांबेपर्यंत ही गिरणी पाण्याचा उपयोग करत राहिली. संग्रहालयात वाफेची इंजिनंही आहेत. ती चालू असतील तर पाच मिनिटं थांबून आवाजातला फरक ऐका, बाकी त्यांच्यावर फार वेळ घालवू नका. वाफेची इंजिनं इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी आहेत.

इथं मुंबईच्या माणसाच्या मनात एक प्रश्न येतोच, की आपल्याकडे पाण्यावरच्या गिरण्या का झाल्या नाहीत. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवची गिरणी सुरू झाली ती पहिल्या दिवसापासून वाफेवर. बेटावर नदी कुठे होती? कोळसा बाहेरून यायचा, भोंगे वाजायचे, धुराडी उभी राहिली. पण पाणी पुढे मुंबईच्या गिरण्यांपर्यंत आलंच, फक्त तारेतून. लोणावळा, वळवण आणि शिरोट्याची धरणं बांधून टाटांनी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला वीज केली आणि 1915 पासून ती मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. बॉलिनच्या बोगद्यातली युक्ती आणि खोपोलीच्या नळांतली युक्ती एकच आहे, पाण्याला उंची मिळवून द्यायची. खोपोलीला ती उंची सह्याद्रीनं आयती दिली होती. आणि अगदी पाण्याच्या काठावरची गिरणी बघायची असेल तर बेळगाव जिल्ह्यात गोकाकला घटप्रभेच्या धबधब्यावर जा. त्या काळी तो भाग मुंबई इलाख्यातच होता. गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी 1885 मध्ये स्थापन झाली आणि 1887 पासून तिनं धबधब्याच्या पाण्यावर गिरणी चालवली. कंपनीच्या नावातच कापडाआधी पाणी आहे. तुमचे सासरे त्या बाजूचे असतील तर हे त्यांना माहीत असणार.

आता कताईकडे येतो. हा माझा विषय, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

गिरणी सुरू झाली तेव्हा इथं आर्कराइट या इंग्रज कारखानदाराची वॉटर फ्रेम होती, म्हणजे पाण्याच्या शक्तीवर चालणारं कताईचं यंत्र. त्या यंत्राची जान रुळांच्या जोड्यांमध्ये आहे. कापसाची सैल वात पहिल्या जोडीत शिरते, पुढची जोडी तिच्याहून जलद फिरते, त्याच्या पुढची आणखी जलद. त्यामुळे वात ओढली जाऊन बारीक होते आणि मग चाती तिला पीळ देते. बस, एवढंच. मी ज्या रिंगफ्रेमवर, म्हणजे आजच्या सूतगिरण्यांतल्या कताईच्या यंत्रांवर, काम केलं त्यांतही खेच याच पद्धतीनं पडत होती आणि आज इचलकरंजीत चालणाऱ्या सगळ्यात नव्या रिंगफ्रेममध्येही तीच आहे. अडीचशे वर्षं होत आली, रुळांचं साहित्य बदललं, वेग अनेक पटींनी वाढला, पण कल्पना हललेली नाही. काचेमागचं किंवा चालतं यंत्र दिसलं की रुळांच्या दोन जोड्यांमधलं अंतर बघा. हे अंतर कापसाच्या तंतूच्या लांबीवरून ठरतं. अंतर कमी पडलं तर दोन्ही जोड्या एकच तंतू पकडतात आणि तो तुटतो. जास्त झालं तर आखूड तंतू मधे कुणाच्याच पकडीत नसतात आणि सूत कुठे जाड, कुठे बारीक येतं. फिटरचं निम्मं कसब या अंतरात आहे.

याच अंतरामुळे आपला खानदेश आणि वऱ्हाड या गोष्टीत येतात. मँचेस्टरच्या आसपासच्या लँकेशायर परगण्यातल्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसावर पोसल्या होत्या. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीत तो कापूस बंद झाला आणि गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस घ्यावा लागला. तो कुठलाही असो, तिकडे त्याला सरसकट ‘सुरत’ म्हणत. आपला देशी कापूस आखूड धाग्याचा, त्यात पानं-काडी जास्त. तिकडची यंत्रं लांब धाग्यासाठी लावलेली. सूत पदोपदी तुटायचं, उत्पादन घटायचं, आणि मजुरी उत्पादनावर असल्यामुळे मार कामगाराच्या पोटावर बसायचा. सुरत कापसाला तिथल्या कामगारांनी मनापासून शिव्या दिल्या. त्याच चार वर्षांत मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला, शेअरांचा बाजार फुगला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच फुटला. कापूस आखूड होता यात वऱ्हाडच्या शेतकऱ्याची काहीच चूक नव्हती. त्या कापसाचं उत्तम सूत आपल्याकडे हातानं कातणाऱ्यांनी शतकानुशतकं कातलं होतं, फक्त त्यासाठी हात वेगळे लागत.

वरच्या मजल्यांवर म्यूल हे कताईचं यंत्र आहे. ते चालताना बघायला मिळालं तर दुसरं काही सोडा, पण ते सोडू नका. 1779 मध्ये सॅम्युअल क्रॉम्प्टननं जुळवलेल्या या यंत्रात चात्यांची लांबच्या लांब गाडी रुळांवर पाच-एक फूट मागे येते, येताना सूत ओढते आणि पिळते, मग पुन्हा आत जाताना कातलेलं सूत गुंडाळून घेते. मागे-पुढे, मागे-पुढे, दिवसभर. रिंगफ्रेम सलग कातते, म्यूल श्वास घेतल्यासारखी टप्प्याटप्प्यानं. म्हणूनच तिचं सूत मऊ आणि बारीक निघायचं. मुंबईत रिंगफ्रेम लवकर रुजली आणि म्यूल मागे पडली, त्यामुळे सासऱ्यांनीही ती कदाचित पाहिली नसेल. गाडी बाहेर आल्यावर तिच्या खाली किती जागा उरते ते मुलाला वाकून बघू द्या. त्या जागेत यंत्र चालू असताना लहान पोरं शिरून पडलेला कापूस गोळा करायची आणि गाडी परत फिरायच्या आत बाहेर यायची. तुटलेले धागे सांधायलाही पोरंच, कारण त्यांची बोटं बारीक.

विणकामाच्या मजल्यावर सूत्रं सासऱ्यांकडे द्या. इथं विणकाम 1830 नंतर आलं. लँकेशायर लूम म्हणजे त्यांचे साचेच. यंत्राच्या अंगावरची ओतीव अक्षरं वाचा, लँकेशायरच्या कारखानदारांची नावं दिसतील. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांत शेकड्यांनी होती आणि कित्येक दशकं चालली. ताण्याचे धागे उचलणारी वयी वर-खाली होऊन ताणा उघडतो, आडवं सूत नेणारा धोटा एका बाजूनं दुसरीकडे फेकला जातो, फणी बाणा ठोकून बसवते, आणि हे मिनिटाला दोनशेच्या आसपास वेळा. एक-दोन साचे चालू केले तरी खोली थरथरते. शंभर चालू असताना काय होत असेल ते त्यांनी अनुभवलं आहे. कानात घालायचे बोळे न्या, विशेषतः मुलासाठी. इंग्लंडात साचेखात्यातली माणसं ओठांच्या हालचालींवर बोलत आणि त्या बोलण्याला ‘मी-मॉ’ म्हणत. आपल्याकडे हातवारे चालायचे. सासऱ्यांना विचारा, जॉबर म्हणजे मुकादम येतोय हे दूरच्या साच्यावरच्या माणसाला कसं कळवत. एका साचेवाल्याकडे किती साचे असावेत, यावर लँकेशायरमध्ये चारचं प्रमाण रूढ होतं आणि मुंबईत दोनचं. मुंबईत दोनावरून तीन करायचं ठरलं, तेव्हा 1928 च्या सहा महिन्यांच्या संपात तो मोठा मुद्दा झाला. ज्यांनी स्वतः साचे चालवले त्यांच्याबरोबर हे यंत्र बघणं, याहून चांगला मार्गदर्शक तुम्हाला तिथं मिळणार नाही. मुलाला त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायला सांगा.

धोट्याचा एक तपशील दाखवतील, नाही दाखवला तर विचारा. सुताची नवी कांडी भरल्यावर सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला कामगार तोंड लावून ते ओढून घेत. दिवसातून अनेकदा, एकाच धोट्याला अनेकांची तोंडं. सूत, खळ आणि धूळ पोटात आणि छातीत जायची, आजार एकाचा दुसऱ्याला लागायचे. कापसाच्या धुळीनं होणारा छातीचा विकार मी माझ्या सहकाऱ्यांमध्ये पाहिला आहे. सोमवारी सुट्टीनंतर कामावर आलं की दम लागायचा, हे त्याचं ठरलेलं लक्षण. संग्रहालयात हवा स्वच्छ असते, म्हणून हे आठवणीनं मनात आणावं लागतं.

आता मुलाच्या वयाचा भाग. गिरणीपासून थोडं चालून वर गेलं की ॲप्रेंटिस हाउस, म्हणजे कामाला आणलेल्या पोरांचं वसतिगृह लागतं, 1790 मध्ये बांधलेलं. तिथं ठरावीक वेळेला गटागटानं नेतात, म्हणून पोचल्याबरोबर त्याची वेळ नक्की करा आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवा. या घरात एका वेळी 90 पर्यंत मुलं राहायची. बरीचशी अनाथ किंवा गरिबांच्या सरकारी वसतिगृहांतली, लिव्हरपूलपासून लंडनच्या हॅकनीपर्यंतची. कामाला लागायचं वय नऊ-दहाच्या घरातलं, करार अठरा वर्षांपर्यंत, मोबदला म्हणजे राहणं, खाणं, कपडे. काम दिवसाला बारा-तेरा तास. तुमच्या मुलाच्या वयाची मुलं तिथं कामाची वर्ष-दोन वर्षं पुरी केलेली असायची.

1806 मध्ये टॉमस प्रीस्टली नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाचं बोट यंत्रात गेलं. तो आणि जोसेफ सेफ्टन हा त्याचा मोठा सोबती गिरणीतून निघाले आणि चालत लंडनला पोचले. टॉमसला आईला भेटायचं होतं. लंडनमध्ये दंडाधिकाऱ्यांपुढे त्यांचे जबाब नोंदवले गेले आणि ते टिकले, म्हणून या घरात काय खायला मिळे, झोपायला काय असे, शिकवणी कधी होई, हे त्या पोरांच्या तोंडून आपल्याला कळतं. 1836 मध्ये एस्थर प्राइस ही मुलगी पळून गेली, परत आणल्यावर तिला काही दिवस एका खोलीत कोंडून ठेवलं. तिथल्या मंडळींना या तिघांविषयी विचारा.

तिथं तुम्हाला हेही सांगतील की ग्रेग हे चांगले मालक होते, आणि त्यात तथ्य आहे. मुलांना जेवण त्या काळच्या मानानं बरं होतं. पीटर हॉलंड हा डॉक्टर त्यांना तपासायला ठेवलेला होता. ग्रेगची बायको हॅना शिकलेली बाई, तिनं मुलांच्या शिक्षणात लक्ष घातलं. इतर बऱ्याच गिरण्यांत यातलं काहीही नव्हतं. पण माझ्या मते चांगुलपणाच्या मापानं ही जागा मोजली की मुख्य गोष्ट निसटते. ही पोरं स्वस्त होती, सोडून जाऊ शकत नव्हती आणि दरीत आडवळणाला गिरणी असल्यामुळे मोठी माणसं कामाला मिळत नव्हती. पाण्याच्या गिरणीला पाणी जिथं पडतं तिथं जावं लागतं आणि तिथं वस्ती नसते. म्हणून मजूर आणावे लागतात, त्यांना घरं बांधून द्यावी लागतात. बंधारा आणि वसतिगृह यांचं नातं हे आहे, आणि म्हणूनच मी तुम्हाला बंधाऱ्यापासून सुरुवात करायला सांगितलं. वाफ आल्यावर गिरण्या शहरात गेल्या, तिथं कामगार आयता होता.

सॅम्युअल ग्रेगचा मुलगा रॉबर्ट हाइड ग्रेग तर कामाचे तास कायद्यानं कमी करायच्या विरोधात उघड लिहीत होता. 1833 च्या कायद्यानं कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि तेरा वर्षांखालच्यांचे तास घटवले. आपल्याकडे पहिला फॅक्टरी कायदा 1881 चा, त्यात वयाची अट फक्त सात वर्षांची. आठवड्याची रविवारची सुट्टी तर 1890 मध्ये मिळाली, आणि ती मिळवण्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून उभी केलेली चळवळ होती. सासऱ्यांना ते नाव माहीत असेल. मुलाला नसेल, तर वसतिगृहातून बाहेर आल्यावर सांगायला ही योग्य जागा आहे.

मालकाचं घर आणि बाग गिरणीला लागूनच आहेत. बाग सुंदर आहे, जून असेल तर फुलंच फुलं. घरात एक गोष्ट विचारपूर्वक बघा: या कुटुंबाकडे कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटावर हिल्सबरो नावाचा मळा होता आणि तिथं गुलाम राबत होते. सुरुवातीच्या काळात गिरणीत येणारा कापूसही गुलामांच्या श्रमाचा. तो लिव्हरपूलला उतरून कालव्यानं आणि पुढे गाड्यांवरून या दरीत यायचा. एका बाजूला घरची बाई पोरांच्या शाळेसाठी झटते आणि दुसऱ्या बाजूला घरचा पैसा मळ्यातूनही येतो, हे दोन्ही एकाच छताखाली होतं.

स्टायल गावातली कामगारांची घरं बाहेरून बघायला पंधरा मिनिटं पुरतात. 1820 च्या दशकातल्या विटांच्या रांगा आहेत, प्रत्येकाला भाजीपाल्यापुरती जागा. घरांत आजही लोक राहतात, म्हणून खिडक्यांत डोकावू नका. 1833 पर्यंत ग्रेगांच्या पाच गिरण्या आणि दोन हजारांहून जास्त कामगार झाले होते, हे लक्षात ठेवून त्या रांगांकडे बघा.

थोडं व्यवहाराचं. ही जागा 1939 मध्ये ग्रेग घराण्यानंच नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिली आणि आजही ट्रस्टच सांभाळतो. दिरांकडे ट्रस्टचं सदस्यत्व असेल तर तिकीट लागणार नाही, त्यांना विचारून ठेवा. चाक आणि यंत्रं कोणत्या दिवशी, किती वाजता चालवणार आहेत हे आदल्या दिवशी संकेतस्थळावर बघा. यंत्रं बंद असतील त्या दिवशी जाण्यात मजा नाही, मग दिवस बदला. शाळांच्या सहली सकाळी येतात, त्या वेळात तुम्ही बंधाऱ्यावर आणि बागेत असाल तर बरं. जागा विमानतळाला लागून आहे, त्यामुळे डोक्यावरून विमानं जात राहतील. स्टायलला रेल्वे स्टेशन आहे पण गाड्या मोजक्या थांबतात, विल्मस्लोला जास्त थांबतात. तीन पिढ्या बरोबर असताना दिरांची गाडी हाच सोपा मार्ग. वाहनतळापासून गिरणीकडे उतार आहे आणि परतताना तोच चढ होतो. सासऱ्यांच्या गुडघ्यांचा विचार करून चढाच्या वेळी काय सोय आहे ते आधी विचारा. सपाट तळाचे बूट घाला, छत्री ठेवा. तिथली हवा दमट, आणि कापूस कातायला तीच लागते. कोरड्या हवेत धागा तडकतो, म्हणून सोलापूरसारख्या ठिकाणी गिरणीत मुद्दाम दमटपणा आणावा लागायचा.

सासऱ्यांचं मन साचेखात्यातच रमलं तर आणखी एक दिवस काढून बर्नलीजवळ क्वीन स्ट्रीट मिल बघा. ती वाफेवरची आहे, पण शेडमध्ये लँकेशायर लूमच्या रांगाच्या रांगा तशाच उभ्या आहेत. मुलाला पाण्याचं चाक आवडलं असेल तर रोसेंडेलमधलं हेल्मशोअर बघा. तिथं 1789 ची लोकरीचं कापड कुटून घट्ट करायची गिरणी आहे, चाकावर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांची, आणि शेजारच्या इमारतीत म्यूल. दोन्ही ठिकाणं वर्षभर सारखी उघडी नसतात, तारखा बघून निघा. स्कॉटलंडला जायचा बेत असेल तर न्यू लॅनार्क रस्त्यात बसवता येईल. क्लाइड नदीच्या धबधब्यांखालचं ते गाव रॉबर्ट ओवेननं 1800 पासून चालवलं आणि 2001 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. ते मात्र घाईत उरकू नका, तिथं एक रात्र राहा आणि सकाळी धबधब्यापर्यंत चालत जा.